टपालाच्या वाटा – लेखांक 9 : शेवटची सही कोणाची?

गेल्या आठवड्यात देवपुरात पोस्टाच्या रांगेत उभा होतो. पुढे एक आजीबाई, हातात जाडसर पाकीट. "भाऊ, हाई रजिस्टर करनं शे." काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, रजिस्टर बंद व्हई गयं. आते स्पीडपोस्ट." आजीबाईंनी पाकीट पुढे केलं नाही. आधी विचारलं, "पावती भेटी ना?" भेटेल म्हटल्यावरच पाकीट काउंटरवर टेकलं.

2025 साली टपाल खात्यानं रजिस्टर सेवा स्पीडपोस्टात मिसळून टाकली. त्यावर हळहळणारे लेख बरेच आले, मी आणखी एक लिहीत नाही. पण आजीबाईंनी जे विचारलं, तेच रजिस्टरचं मर्म. लोक समजतात की रजिस्टर म्हणजे सुरक्षित पत्र. तसं ते कधीच नव्हतं. साधं पत्र ज्या गाडीनं, ज्या बोटीनं जायचं, त्याच गाडीबोटीनं रजिस्टरही जायचं. गाडी घसरली तर दोन्ही सारखीच. फरक एवढाच, की साधं पत्र हरवलं तर कुणाच्या हातून हरवलं हे देवालाही सांगता येत नसे आणि रजिस्टर हरवलं तर शेवटची सही कोणाची, हे सापडत असे.

पाव तोळ्याला अर्धा आणा हा 1854 चा दर आणि 1879 चं पाव आण्याचं कार्ड मागच्या लेखांकांत येऊन गेलं. आज धुळ्यातून थेट विलायतेला जाऊ.

समजा, साल 1901. पांझरेच्या उत्तर काठावर देवपूर, दक्षिणेला कॅप्टन ब्रिग्जनं 1819 नंतर आखलेलं नवं धुळं. खानदेशच्या कापसावर लिव्हरपूलची नजर अमेरिकेतल्या यादवी युद्धापासूनच होती. एका व्यापाऱ्याला तिथल्या पेढीला कागद पाठवायचे आहेत. हे पत्र पेटीत टाकून चालायचं नाही, बाबूच्या हातातच द्यावं लागे. पाकिटावर लाखेची मोहोर, तिकिटं आधीच लावलेली. 1898 च्या नाताळापासून साम्राज्यातल्या बहुतेक मुलखांसाठी एका आण्यात पत्र जाऊ लागलं होतं, म्हणून एक आणा टपालाचा आणि रजिस्ट्रीचे वर दोन. मूळ हशिलाच्या दुप्पट नुसती नोंद! बाबू पाकीट वजन करी, आकडा घाली, पावती फाडून देई. पाकिटाच्या अंगावर निळ्या रेघांची फुली असे. थैल्यांच्या ढिगात डोळ्यांत भरावं म्हणून.

इथून पुढे पाकिटाबरोबर एक कागद चालू लागे. 1900 साली सुरू झालेल्या चाळीसगावच्या फाट्यानं ते मुख्य मार्गावर येई आणि तिथून मुंबईला. दर टप्प्यावर देणारा यादी वाचणार, घेणारा आकडे ताडून सही करणार. मुंबईहून आठवड्याची विलायती डाक पी. अँड ओ.च्या बोटीनं एडन, सुएझ करत इटलीतल्या ब्रिंडिसीला लागे आणि तिथून रेल्वेनं युरोप ओलांडून लंडनला. येणाऱ्या डाकेची गंमत वेगळीच. 1868 पासून बोटीवरच टपाल कचेरी असे. समुद्र उसळत असताना कारकून खालच्या मजल्यावर पत्रं निवडत बसत, म्हणजे बोट मुंबईला लागेपर्यंत आगगाडीच्या थैल्या बांधून तयार. कलकत्त्याची विलायती डाक 1870 पासून भुसावळ जंक्शनवरून जबलपूरकडे जाई. अख्ख्या हिंदुस्थानच्या आशा-निराशा खानदेशातून रात्रीबेरात्री धडधडत गेल्या, आणि आपण झोपलेले.

पण लिव्हरपूलचा बाबू धुळ्याच्या बाबूची सही का मानणार? इथे बर्नचा करार येतो. जर्मनीच्या हाइनरिख फॉन स्टेफानच्या पुढाकारानं 9 ऑक्टोबर 1874 रोजी 22 देशांनी त्यावर सह्या केल्या. हिंदुस्थान 1 जुलै 1876 पासून आत आला आणि 1878 च्या पॅरिस परिषदेत संघाचं नाव जागतिक टपाल संघ झालं. त्यात हिंदुस्थानला स्वतंत्र जागा होती, राष्ट्रसंघाच्या चाळीसेक वर्षं आधी. खुर्चीत साहेबच बसे, ते सोडा.

करारातली खरी हुशारी हिशेब टाळण्यात होती. ज्या देशात तिकीट विकलं गेलं, पैसे त्याच देशाचे. पत्राला सहसा उत्तर येतंच, तेव्हा फिटंफाट. वाटेतल्या देशाला आणि बोटीला मात्र वाहणावळ मिळे. 1897 च्या वॉशिंग्टन परिषदेनं तिकिटांचे रंगसुद्धा ठरवले: परदेशी पत्राचं निळं, परदेशी कार्डाचं लाल, छापील मजकुराचं हिरवं. म्हणून 1900 पासून आपलं अडीच आण्याचं तिकीट निळं, एक आण्याचं लाल आणि अर्ध्या आण्याचं हिरवं झालं. पत्ता वाचता न येणाऱ्यालाही रंग वाचता येई.

या व्यवस्थेचं मोल ज्याला घरबसल्या कळलं असेल, असा एक मराठी माणूस म्हणजे गोपाळराव जोशी. आनंदीबाईंचे पती ही त्यांची ओळख आपण ठेवली. ते पोस्टात कारकून होते हे विसरतो. कोल्हापुरात असताना 1878 साली त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र अमेरिकेतल्या वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिलं. वाइल्डरनं ते स्वतःच्या नकारासकट आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे वाट बघताना ते वाचलं आणि 1880 साली पत्रव्यवहार सुरू झाला. अमेरिका संघाची मूळ सभासद, हिंदुस्थान चार वर्षांपूर्वी आलेला. पंधरा वर्षांची आनंदी त्या न पाहिलेल्या बाईला मावशी म्हणू लागली. 1883 साली ती बोटीत बसली, त्याआधी तीन वर्षं तिचं मन टपालानंच पलीकडे जाऊन राहिलं होतं.

आता थोडं कडू. 1878 च्या करारात रजिस्टर हरवल्यास पन्नास फ्रँक भरपाईचं कलम होतं. पण ज्यांच्या कायद्याला ही जबाबदारी मंजूर नाही, अशा युरोपबाहेरच्या देशांना सूटही होती. आणि आपला 1898 चा टपाल कायदा काय म्हणत होता? पत्र हरवलं, उशिरा आलं, खराब झालं, तरी सरकार जबाबदार नाही. हा कायदा 2024 च्या जूनपर्यंत चालला. पैसे परत हवे असतील तर निराळा विमा उतरवा.

मग दोन आणे कशाचे? कागदाचे. त्या कागदाला खरं वजन 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्यानं दिलं. नीट पत्ता घालून, हशील भरून रजिस्टर केलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचली असंच धरायचं. तेव्हापासून गावोगाव पोस्टमन दिसताच मागच्या दारानं शेतात जाणाऱ्यांची एक जात तयार झाली. बिचाऱ्यांना वाटे, सही केली नाही म्हणजे नोटीस लागली नाही. पोस्टमन शांतपणे पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारी, आणि कोर्ट बहुधा त्या शेऱ्यालाच पोच मानी.

आजीबाईंच्या पाकिटात काय होतं, मी विचारलं नाही. त्यांनी पावती दोनदा वाचून घेतली, तिची बारीक घडी केली आणि लुगड्याच्या ओच्यात खोवली.

(पुढील लेखांकात : व्ही. पी. – पैसे आधी की माल आधी?)