पोलादी पंखा की अ‍ॅल्युमिनिअमचा?

भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीवर मातीचा बांध घालून निर्माण केला, अशी परंपरा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने येथील क्रूझ व मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला. ज्या तलावाचे पाणी शहर पिते त्यात सहलीपायी तेल सांडू नये, हे आम्हांस सर्वथा योग्य वाटते. परंतु बुडणाऱ्याकडे धावणाऱ्या नौकेस इंजिन हवेच. १३ सप्टेंबर २०१९ रोजी याच नगरीतील छोट्या तलावात, खटलापुरा घाटावर, गणेशविसर्जनाच्या वेळी नावा उलटून ११ माणसे बुडाली. तेव्हा बचावनौकेच्या पाठीशी टांगलेल्या इंजिनास पंखा कोणत्या धातूचा असावा, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नव्हे.

पोलाद अ‍ॅल्युमिनिअमच्या जवळजवळ तिप्पट जड, पण त्याहून कितीतरी बळकट. म्हणून स्टेनलेस पोलादाची पाती पातळ घडविता येतात. जोराने फिरताना ती वाकत नाहीत आणि पाणी घट्ट धरतात. अ‍ॅल्युमिनिअमची पाती जाड ठेवावी लागतात आणि वेग वाढला की ती किंचित लवतात. मोठ्या इंजिनाच्या वेगवान नौकेत हा फरक स्पष्ट जाणवतो. लहान इंजिनावर संथपणे चालणाऱ्या होडीत मात्र तो फारसा कळत नाही. आणि पोलादी पंख्याची किंमत तर सहज दुप्पट ते चौपट पडते. दुकानदार चकाकी दाखवितो, हिशेब आपणच करावयाचा असतो.

खरी परीक्षा पाण्याखाली होते. उन्हाळ्यात तलाव ओसरला की तळाचे दगड वर येतात. विसर्जनाच्या दिवसांत बांबू, दोर व मूर्तींचे सांगाडे पाण्यात असतात. अ‍ॅल्युमिनिअमचे पाते दगडावर आपटले तर स्वतः वाकते वा तुटते आणि बराचसा धक्का सोसून घेते. पोलादी पाते सहसा मोडत नाही. पण तो धक्का दांड्याकडे व गिअरकडे जाऊ शकतो. पंख्याच्या पोटातील रबरी तुंबा काही भार झेलतो, सर्व नव्हे. वाकलेल्या पंख्याने नौका रखडत का होईना काठाला येते. गिअर फुटला तर ती भर तलावात उभी राहते, आणि तीत नुकतीच वर काढलेली माणसे असतात! म्हणूनच उथळ, अडथळ्यांच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनिअमचा पंखा बसवावा, आणि त्याच मापाचा दुसरा पंखा, पाना व पिन नौकेतच ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका पोलादी पंख्याच्या पैशांत बहुधा दोन्ही येतात.

आमच्या समुद्रकाठच्या वाचकांचे गणित निराळे असू शकेल. खोल पाण्यात रोज लांबवर जाणाऱ्यास पोलाद परवडते. वाळूने त्याची धारही लवकर झिजत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात पोलादी पंखा व अ‍ॅल्युमिनिअमचे इंजिन एकत्र आले म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम झिजू लागते. त्यासाठी इंजिनावर जस्ताचे तुकडे बसविलेले असतात. ते निम्मे झिजले की बदलावेत, त्यांवर रंग मात्र कधीही लावू नये.

पंखा कोणताही असो, माणूस पाण्यात दिसला की जवळ पोहोचताच इंजिन बंद करावे. दोन्ही धातूंची पाती सारखीच कापतात.

आणखी एक गोष्ट नावाडी विसरतात. मासेमारीचा नायलॉनचा दोरा पंख्यामागे दांड्यास गुंडाळला जातो व तेथील तेल अडविणारे सील कापतो. मग गिअरचे तेल तलावात झिरपते व तलावाचे पाणी गिअरमध्ये शिरते. अधूनमधून पंखा उतरवून दांडा पाहावा, ग्रीस लावावे; आणि गिअरचे तेल दुधासारखे पांढरट दिसले तर इंजिन त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे.