वाट बघायची चव

इंग्रजी डिक्शनरीत ‘डूलाली’ असा एक शब्द आहे. अर्थ : डोकं फिरलेला. हा शब्द तिथे पोचलाय आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतून. ब्रिटिश काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असायचे. काम नाही, करमणूक नाही. वाट बघून बघून काहींचं खरंच डोकं फिरायचं, आणि त्यांच्या तोंडी ‘देवळाली’चं ‘डूलाली’ झालं.

2009 मध्ये पुण्यात याच नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि आपल्याकडे क्राफ्ट बिअर हा शब्द हळूहळू रुळला. गंमत बघा, वाट बघून वेड लागलेल्यांचं नाव मिळालं ते अशा गोष्टीला, जी वाट बघितल्याशिवाय तयारच होत नाही!

नाचणी सत्त्व करताना आजी काय करते? नाचणी भिजवते, मोड आणते, वाळवते. बिअरसाठी बार्लीचंही तसंच करतात, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की गोडसर पाणी सुटतं. ते हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. इथून पुढे माणसाचं काम लक्ष ठेवण्याचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस तयार करतं. ‘एल’ प्रकारची बिअर साधारण दोन-तीन आठवड्यांत होते. ‘लागर’ थंडाव्यात मुरते, तिला आणखी वेळ लागतो. घाई केली की चव बिघडते, एवढं साधं गणित आहे.

मी 22 वर्षांची आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 आहे, त्यामुळे ही ओळख तशी नवीन. पण हेफेवायझेन ही गव्हाची जर्मन बिअर पहिल्यांदा घेतली तेव्हा चक्रावलेच. पिकलेल्या केळ्याचा वास, त्याच्यामागून लवंगेचा. ग्लासात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ही सगळी त्या यीस्टची करामत. बव्हेरियात 1516 साली कायदा झाला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच असावं. त्यात यीस्टचं नावच नाही. ते सजीव असतं हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं! यीस्ट हा जिवंत कामगार नेमकं काय करतो, हे पुढे लुई पाश्चरने उलगडलं. 1876 मध्ये त्याने बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं.

माझी एक मैत्रीण बिअरला शिवतही नाही. मी केळ्याचं सांगितल्यावर तिने नुसता ग्लासचा वास घेतला आणि ओरडली, “अगं खरंच की, वेलची केळी!” मग स्वतःचं लिंबू सरबत पीत बसली. ती का पीत नाही, हे तिने नंतर सांगितलं. तिच्या गावात बायकांनी ‘आडवी बाटली’ला मतं देऊन दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मत देणाऱ्यांत तिची आईसुद्धा होती. “तुमच्यासाठी तो फ्लेवर असतो गं, आमच्याकडे तो महिन्याचा पगार होता,” ती म्हणाली. याच राज्यात ब्रुअरी आहेत आणि याच राज्यात आडवी बाटलीही आहे. क्राफ्ट बिअरवर लिहिताना हे वाक्य गाळून पुढे जाणं मला जमणार नाही.

तिच्या त्या वाक्यानंतर मी एक हिशेब मांडला. मला आवडणाऱ्या तीन गोष्टी : बिअर, पुस्तक, गाणं. तिन्हींत वाट बघावी लागते. मग फरक कुठे आहे?

पुस्तकाचं बघू. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली 1963 मध्ये. खेड्यातून पुण्याला कॉलेजसाठी आलेला पांडुरंग सांगवीकर तिचा नायक. होस्टेल, मेस, परीक्षा, सगळं आपलंच. पण या कादंबरीत ‘पुढे काय झालं’ म्हणून पानं उलटायला गेलात तर कंटाळाल. तिच्या बोलण्याची लय कानात बसायला चाळीस-पन्नास पानं द्यावी लागतात. एकदा ती बसली की हसताहसता अचानक घशाशी काहीतरी येतं. रिव्ह्यू वाचून किंवा समरी ऐकून हे होत नाही.

गाण्याचं तर विचारूच नका. विलंबित एकतालात मात्रा बाराच, पण अतिविलंबित लयीत एक आवर्तन पूर्ण व्हायला जवळपास मिनिटही लागू शकतं. तेवढ्यात आपल्या दोन रील बघून होतात! पण सवाई गंधर्व महोत्सवात मांडवात बसून बघा. गायक कुठेतरी लांब भटकून अचूक समेवर येतो आणि हजारो माना एकदम हलतात. ती दाद निम्मी त्या वाट बघण्याचीच असते. अर्थात, लांब म्हणजेच चांगलं असंही नाही. 1902 मध्ये गौहर जानने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीनेक मिनिटं मावायची. तेवढ्यात राग उभा करणारे लोक होतेच. गाणं छोटं असलं तरी चालतं, ऐकणाऱ्याचं लक्ष अख्खं हवं.

तर फरक असा. ‘कोसला’चं पुढचं प्रकरण पहिल्याला आणखी रंग देतं. पुढचं आवर्तन आधीचं उजळवतं. बिअरचा दुसरा ग्लास मात्र पहिल्याची चव पुसायला लागतो, आणि तिसऱ्यात केळं काय नि लवंग काय, काहीच कळत नाही. तिघांपैकी हीच एक अशी आहे, जिच्यात थांबता येणं हाच आस्वादाचा भाग आहे. आणि ज्याला थांबता येत नाही, त्याची किंमत बऱ्याचदा त्याच्या घरचे मोजतात. म्हणून माझा नियम ठरलाय, एक ग्लास. तोही कधीतरीच, कारण स्टायपेंडही तेवढाच परवानगी देतो!

हल्ली टॅपरूममध्ये टेबलावर उघडं पुस्तक, बाजूला फेसाळता ग्लास, कानात हेडफोन, असा फोटो छान जमतो. फोटोपुरतं ठीक आहे. माझा अनुभव सांगते, अर्ध्या ग्लासनंतर एकच परिच्छेद तीनदा वाचला जातो. गाणं आणि गर्दीचा गोंगाटही जुळत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र संध्याकाळ द्यावी, हे उत्तम.

तुम्ही 21 चे नसाल किंवा प्यायचंच नसेल, तर काहीही हुकत नाहीये. एका पाइंटच्या पैशांत फुटपाथवर दोन-तीन जुनी पुस्तकं सहज मिळतात आणि जुनी ध्वनिमुद्रणं तर यूट्यूबवर फुकट आहेत. या वीकेंडला एक विलंबित ख्याल लावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सम कधी येते त्याची वाट बघा. पहिली पाच मिनिटं देवळालीच्या त्या सैनिकांसारखं डोकं फिरेल. सहाव्या मिनिटाला काय होतं ते मला नक्की कळवा.