शीत एक, साचे अनेक

भात शिजला की नाही हे पाहायला आपण पातेल्यातले एकच शीत बोटांनी दाबतो. शितावरून भाताची परीक्षा, असे मराठीत म्हणतात. शेजारच्या कन्नड घरातही एका अगुळावरूनच निर्णय होतो. मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत ओतलेल्या पाचशे कास्टिंगांपैकी पाच तपासून सगळा माल चांगला, असे का म्हणता येत नाही?

कारण सोपे आहे. भाताचे पातेले एक, पाणी एक, आच एक. कास्टिंगचा साचा मात्र प्रत्येक वेळी नवा. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी यांच्या मिश्रणातून तो तयार होतो. पाणी थोडे जास्त झाले, की तापलेला लोखंडाचा रस पडताच वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर आत पोकळी राहते. हाच ‘ब्लोहोल’. वरून तुकडा सुबक, आत भोक!

हा दोष कुठे उघडा पडतो, यावर त्याची किंमत ठरते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाचे उदाहरण घ्या. दोष फौंड्रीतच सापडला, तर तुकडा पुन्हा भट्टीत जातो. वीज आणि मेहनत वाया जाते, लोखंड बहुतेक परत मिळते. मशीनशॉपमध्ये सापडला, तर तिथली मजुरीही बुडते. पंप जोडल्यावर दाबाच्या चाचणीत गळती दिसली, तर सगळे उघडावे लागते. तिथेही निसटला, तर ऐन पेरणीत कुणा शेतकऱ्याचा ट्रॅक्टर शेतात उभा राहतो.

म्हणूनच केवळ शेवटी माल निवडण्यापेक्षा काम चालू असतानाच लक्ष ठेवायचे, हा विचार पुढे आला. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतले वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली त्यासाठी एक साधा तक्ता सुचवला. मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या रेघा. वाळूतला ओलावा ठरावीक वेळाने मोजायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपके दोन रेघांच्या आत इकडेतिकडे असले, तर उगाच हात लावायचा नाही. एखादा बाहेर गेला किंवा ओळीने वरच चढू लागला, की थांबून कारण शोधायचे. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये व्याख्याने देऊन हीच पद्धत तिथल्या कारखानदारांना समजावली.

काम असे एकसारखे चालले, तरच पाच तुकड्यांवरून पाचशेंचा अंदाज बांधता येतो. म्हणजे आधी पातेले एक करायचे, मग शीत दाबायचे!

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे कास्टिंगवरचा हीट नंबर. कुठल्या दिवशीच्या, कुठल्या भट्टीच्या रसातून तुकडा ओतला, हे त्यावरून कळते. तक्रार आलीच, तर त्या नंबरचाच माल बाजूला काढता येतो. नंबर नसेल, तर चांगल्या मालावरही संशय येतो आणि लहान कारखान्याची पुढची ऑर्डर धोक्यात येते.

पण तक्ता भरतो माणूसच. ओलावा जास्त आला हे सांगणाऱ्या पोराला ओरडा बसला, की दुसऱ्या दिवशी ठिपका आपोआप मर्यादेच्या आत येतो आणि ब्लोहोल मात्र तसाच राहतो. आपल्याकडे तर एकाच साच्याला एकाचा हात मराठी, दुसऱ्याचा कन्नड. सूचनांचा फलक दोन्ही भाषांत हवा आणि ‘थांबवा’ म्हणण्याची मुभा दोघांनाही हवी.

घरात मीठ जास्त पडले, तर आपण ते ताट वाढण्याआधी सांगतो, पाहुणे जेवून गेल्यावर नाही. कारखान्यातही तेवढेच अपेक्षित आहे. तेव्हा संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसाला ‘आज किती माल काढला?’ एवढेच विचारू नका. ‘आज काही चुकलेले सापडले का?’ हेही विचारा. आणि तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला शाबासकी द्या.