गोष्ट बाबांची, अक्षर आईचं

१९७४ सालची गोष्ट. अहमदाबादला शास्त्रज्ञांची एक परिषद सुरू होती. व्याख्यान इतकं रटाळ झालं की श्रोत्यांतल्या एका खगोलशास्त्रज्ञाने समोरच्या कोऱ्या कागदांवर चक्क विज्ञानकथा लिहायला घेतली. (शेवटच्या बाकावर बसून आपणही काहीबाही खरडतोच, फक्त त्यातून साहित्य निघत नाही.) कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवायची ठरली. अडचण एकच होती. लेखकाचं नाव होतं जयंत नारळीकर. केंब्रिज गाजवून आलेला, विशीतच पद्मभूषण मिळालेला माणूस. नाव वाचूनच परीक्षक भारावले असते. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी फिरवली आणि 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतलं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा बायकोच्या हातून उतरवून घेतली. 'कृष्णविवर' पहिली आली.

२० मे २०२५ रोजी नारळीकर सर गेले, तेव्हा हा किस्सा सगळ्यांच्या स्टेटसवर होता. मीही शेअर केला. पण त्यातला मला जास्त इंटरेस्टिंग वाटलेला भाग म्हणजे ते अक्षर.

ते होतं मंगला नारळीकरांचं. माहेरच्या राजवाडे. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून गणितात एम. ए., तेही कुलपतींचं सुवर्णपदक घेऊन. मग टीआयएफआरमध्ये, म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन. मग लग्न, केंब्रिज, तिथे काही काळ विद्यार्थ्यांना शिकवणं, मुली, १९७२ मध्ये मुंबईला परत, पुन्हा टीआयएफआर. पीएचडी मिळाली ती १९८१ मध्ये, लग्नानंतर दीड दशकाने. 'लीलावतीज डॉटर्स' या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवरच्या २००८ च्या पुस्तकात त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय. शिकलेल्या, पण करिअरच्या आधी घर ठेवणाऱ्या आपल्या पिढीतल्या अनेक बायकांसारखीच आपली गोष्ट आहे, असा त्याचा सूर आहे. तक्रार नाही, रडगाणं तर मुळीच नाही. म्हणूनच ते वाचताना जास्त लागतं.

हे सगळं आत्ता का आठवलं? तर मालाडमध्ये माझ्या आजूबाजूला सध्या गीक आई-बाबांचं पीक आलंय. मावसभावाचंच घ्या. दादा आणि वहिनी दोघंही इंजिनीअर, बाळ सात महिन्यांचं. बाळ किती वाजता प्यायलं, किती वेळ झोपलं, नॅपी किती वेळा बदलली, सगळं गूगल शीटमध्ये. त्याचे ग्राफही आहेत. खोलीचं तापमान मोबाइलवर दिसतं. बालमानसशास्त्राची सहा पुस्तकं उशाशी, त्यातली चार अर्धी वाचलेली. आणि घरी गेलं की आधी बाळ नाही, ग्राफ बघावा लागतो. मी एकदा वहिनीला म्हटलं, "दादा किती इन्व्हॉल्व्ह्ड आहे ना!" ती म्हणाली, "डेटा तो ठेवतो गं, रात्र मी जागते." तिने बाळंतपणाच्या आधी मशीन लर्निंगचा एक ऑनलाइन कोर्स सुरू केला होता. तो तिसऱ्या धड्यावर थांबलाय.

दादाला व्हिलन करायचं नाहीये. त्याला सुट्टी मिळाली पाच दिवस. आपल्याकडे २०१७ च्या कायदादुरुस्तीने आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही सक्तीचं झालं. बाबांसाठी? केंद्र सरकारी नोकर असाल तर १५ दिवस. खासगी नोकरीत मात्र कायदा काही देत नाही, जे काय असेल ते कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे बाळ कोणाचं काम आहे, हे घरात ठरायच्या आधी संसदेतच अर्धं ठरलेलं असतं. आम्ही कॉलेजमध्ये राजकारण म्हटलं की कोण कुठल्या पक्षात गेला एवढंच बोलतो. हेही राजकारणच आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात ते पाच-सात वर्षांत येणार आहे.

गीक घरात मूल वाढवणं म्हणजे काय, याचा नारळीकरांकडचा नमुना मात्र भारी आहे, आणि तो एक पिढी आधी सुरू होतो. जयंतरावांचे वडील विष्णु वासुदेव बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. बनारसच्या घरात मुलांसाठी भिंतीवर फळे होते. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा, म्हणजे मो. शं. हुजूरबाजार, त्यावर खास जयंतसाठी एखादं कठीण गणित लिहून ठेवत, आणि सुटेपर्यंत ते पुसलं जात नसे. ना स्क्रीन टाइमची भानगड, ना सबस्क्रिप्शन. एक खडू आणि चिकाटी असलेला मामा, बास. पुढच्या पिढीत जयंत-मंगला यांच्या तिन्ही मुली, गीता, गिरिजा आणि लीलावती, विज्ञान-तंत्रज्ञानातच गेल्या. धाकटीचं नाव भास्कराचार्यांच्या लीलावतीची आठवण करून देणारं. यापेक्षा गीक बारसं काय असणार!

आणि मंगलाताई? गणित त्यांनी सोडलं नाही, फक्त त्याची दिशा मुलांकडे वळली. 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' ही त्यांची पुस्तकं गणिताला घाबरणाऱ्या पोरांसाठी आहेत. जग फिरल्या त्याचंही पुस्तक केलं, 'पाहिलेले देश, भेटलेली माणसं'. मग बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०१९ मध्ये त्यांचं नाव थेट बातम्यांत आलं.

दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असंही वाचायला सुचवलं होतं. कारण साधं होतं. मूल 'पंचवीस' ऐकतं तेव्हा आधी पाच ऐकू येतो, लिहायचा मात्र आधी दोन. गोंधळून ते ५२ लिहितं. वर जोडाक्षरांचा मारा. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी येतो, इंग्रजीतही वीसनंतर तसंच. पण महाराष्ट्र पेटला. भाषा बुडाली, संस्कृती गेली, मीम्स आले, आणि मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चं काय करायचं यावर विधानसभेत विनोद झाले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या मंगलाताई वाहिन्यांवर शांतपणे समजावत राहिल्या की जुनी पद्धत काढलेली नाही, नवी सोबत दिली आहे.

मी तेव्हा शाळेत होते आणि मीही त्या मीम्सवर हसले होते. आता विचार करते, एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये आपल्यातले किती जण अडखळतात? फोन नंबर सांगताना आपण सगळे गुपचूप इंग्रजीत का जातो? मराठी माध्यमातलेसुद्धा? मंगलाताई जे म्हणत होत्या ते रोज आपल्याच तोंडून सिद्ध होतं. त्या १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. बातम्यांत बऱ्याच ठिकाणी आधी 'जयंत नारळीकर यांच्या पत्नी', मग 'गणितज्ञ'.

हे सगळं मी दादाला सांगितलं. गीकला भाषण देऊन उपयोग नसतो, त्याला डेटा लागतो. म्हणून त्याच्याच शीटमध्ये एक कॉलम वाढवला : 'वहिनीचे तास'. पहिल्या आठवड्यात शून्य आलं. ग्राफ काढायलाही काही नव्हतं.

आता रविवारी सकाळी तो बाळाला घेऊन बाहेर पडतो. प्रॅम घरीच राहते, कारण आमच्या गल्लीत फुटपाथ आहे तिथे स्कूटर आणि नारळवाला आहे, आणि नाही तिथे खड्डा आहे. तो बाळाला छातीशी बांधून मालाड पश्चिम मेट्रो स्टेशन गाठतो. लिफ्ट आहे, एसी आहे, रविवारी बसायला जागा मिळते. दहिसरपर्यंत जायचं, परत फिरायचं, मग अंधेरी पश्चिम, मग पुन्हा मालाड. बाळाला स्टेशनांची अनाउन्समेंट आवडते म्हणे, आणि कुठल्या स्टेशनला ते झोपतं याचीही नोंद सुरू झाली आहे. तेवढ्यात वहिनीला दोन तास मिळतात. गेल्या रविवारी ती पाचव्या धड्यावर होती.