नाथसागराच्या वाटा

मराठवाडा हा पाण्याच्या दुर्भिक्षाचा मुलूख, अशी त्याची ओळख भूगोलाच्या पुस्तकांतून आपणांस होते. ती खोटी नाही. तथापि याच मुलखात, वाळूजपासून सायकलीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, एवढे विस्तीर्ण पाणी पसरलेले आहे की पावसाळा संपता संपता काठावर उभे राहिले असता कित्येक ठिकाणी पैलतीर दृष्टीस पडत नाही. हे पाणी म्हणजे नाथसागर. गोदावरी नदीवर पैठणजवळ जे जायकवाडी धरण बांधले आहे, त्याच्या पाठीमागे साठलेला हा जलाशय होय. सायकलीवर बसून हा प्रदेश पाहावयाचा असेल तर कोणत्या वाटेने जावे, केव्हा जावे, आणि या वाटा अशा का आहेत, हे या पाठात सांगावयाचे आहे.

प्रथम तळ्याचीच ओळख करून घेऊ. धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची मूळ कल्पना हैदराबाद संस्थानाच्या काळातील. त्या वेळी ते बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा बदलली, धरण नदीच्या वरच्या अंगास पैठणला आले. नाव मात्र पहिल्या गावाचेच राहिले. जलाशयाला संत एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर म्हणतात. मातीचा बांध सुमारे १० किलोमीटर लांब असून त्यास २७ दरवाजे आहेत. जलाशयाची लांबी सुमारे ५५ किलोमीटर व रुंदी जास्तीत जास्त २७ किलोमीटर भरते. या दोन आकड्यांचा गुणाकार करून कोणी क्षेत्रफळ काढू नये! तळ्याचा आकार फाटक्या पानासारखा आहे; नदीनाल्यांच्या तोंडांतून पाणी बोटांसारखे आत शिरले आहे. प्रत्यक्ष क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे ३५ कोटी चौरस मीटर. पूर्ण भरलेल्या जलाशयात सुमारे २९० कोटी घनमीटर पाणी मावते. आता भागाकार करा. सरासरी खोली आठ मीटरांहून थोडी अधिक येते. एवढे अफाट तळे, आणि खोली दोन-अडीच मजली घराएवढी! नाथसागराचे तळे पसरट ताटासारखे आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

जगात तळ्याकाठच्या सायकलवाटा पुष्कळ आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या तीन देशांच्या सीमेवर बोडन नावाचे सरोवर आहे. त्याच्याभोवती सुमारे २६० किलोमीटरांची सायकलवाट असून ती बहुतेक पाण्याच्या कडेनेच जाते. जपानातील बिवा सरोवरालाही लोक सायकलीने प्रदक्षिणा घालतात. ती सुमारे २०० किलोमीटरांची. ही सरोवरे निसर्गाने घडविली. हजारो वर्षे त्यांच्या काठी गावे वसली, आणि त्या गावांना जोडणारा रस्ता साहजिकच काठाने गेला. नाथसागराचे तसे नाही. येथे गावे आधी होती, पाणी मागून आले. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरची शंभराहून अधिक गावे धरणामुळे बाधित झाली. पैठण, गंगापूर, नेवासे व शेवगाव या तालुक्यांतील कसदार काळी जमीन, विहिरी, देवळे, पार आणि त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटाही पाण्याखाली गेल्या. म्हणूनच आज कित्येक जुन्या वाटा सरळ तळ्याकडे जातात आणि तेथेच संपतात. नवख्या सायकलस्वाराला वाटते की आपण वाट चुकलो. तो चुकलेला नसतो. ती वाट पलीकडच्या गावी जात होती. आता ते गाव तेथे नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे हटते. तळे पसरट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ दूर सरकतो, काही ठिकाणी किलोमीटर-किलोमीटर. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर शेतकरी पीक घेतात; तिला गाळपेर म्हणतात. जो काठ दर ऋतूत जागा बदलतो, त्याच्या कडेने पक्का रस्ता बांधणार तरी कोठे? तेव्हा नाथसागराच्या वाटा काठाने जात नाहीत. त्या दुरून येतात, पाण्याला स्पर्श करतात आणि परततात.

वाळूजहून जाणारी पहिली वाट अहिल्यानगरच्या महामार्गाची. लिंबेजळगाव, ढोरेगाव, भेंडाळा फाटा ही ठिकाणे मागे टाकीत आपण कायगावला पोचतो. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. येथे गोदावरीवर मोठा पूल आहे. पलीकडे प्रवरासंगम, प्रवरा नदी गोदावरीस मिळते ते हे स्थान. धरणाचे पाणी फुगून येथवर येते, त्यामुळे संगमाचे पात्र चांगल्या पावसाच्या वर्षी तळ्यासारखे संथ व रुंद दिसते. तीरावर घाट व जुनी दगडी देवळे आहेत. टोक्याच्या सिद्धेश्वर मंदिरावरील कोरीव काम घाईने पाहण्यासारखे नव्हे. दोन तासांच्या श्रमानंतर त्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडण्यात जो आनंद आहे, तो मोटारीने येणाऱ्यास मिळत नाही, असे माझे मत आहे.

परंतु ही वाट धोक्याची आहे, हेही सांगितले पाहिजे. वाळूजची औद्योगिक वसाहत मोठी. बजाज कंपनीचा दुचाकींचा कारखाना येथे १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ इतर अनेक आले. त्यांचा कच्चा व पक्का माल घेऊन मालमोटारी याच रस्त्याने रात्रंदिवस धावतात. लांबलचक मालमोटार शेजारून वेगाने गेली म्हणजे तिच्यामागे हवेचा झोत निर्माण होतो. तो हलक्या सायकलीला प्रथम दूर लोटतो व लगेच आत ओढतो. म्हणून रस्त्याच्या अगदी काठावरच्या खडीत किंवा वाहनांच्या ओळीला चिकटून, दोन्हीही चालवू नये. डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर जेथे डांबर आहे, तेथून एकामागे एक असे जावे. डोक्यावर शिरस्त्राण व मागे तांबडा दिवा असावा. तुमच्या वयाच्या मुलांनी तर मोठ्या माणसाच्या सोबतीवाचून या महामार्गावर जाऊच नये. पाळी सुटल्यावर घरी परतणारे सायकलस्वार कामगार येथे आजही दिसतात. ते कसे चालवितात ते पाहावे. शर्यतीच्या सायकली मिरविणाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडून अधिक शिकता येते.

दुसरी वाट शेंदुरवाद्याची. ती मला अधिक प्रिय आहे. वाळूजची खाम नदी छत्रपती संभाजीनगर शहरातून येते, वाळूजवरून शेंदुरवाद्याकडे जाते आणि पुढे नाथसागरास मिळते. तिच्या साथीने जाणारा हा ग्रामीण रस्ता तासाभराचा. वाहने थोडी, दुतर्फा कापूस, तूर, मका, ऊस. आणि नदी भरली असेल तर बगळ्यांच्या रांगा. शहराचे सांडपाणी वाहून नेण्याचे काम या नदीच्या वाट्यास आले आहे, ते नाकालाही कळते. शेंदुरवादा हे गणपतीचे प्राचीन स्थान. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ते दुसऱ्या एका कारणाने ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या आरंभीचे कवी मध्वमुनीश्वर यांचे येथे वास्तव्य होते. कटावकार अमृतराय हे त्यांचे शिष्य. येथून बिडकीनला निघावे, म्हणजे पैठणचा हमरस्ता मिळतो. पैठणचे वर्णन येथे विस्ताराने करण्याचे कारण नाही. सातवाहनांचे प्रतिष्ठान, एकनाथांची समाधी, पैठणी आणि ज्ञानेश्वर उद्यान यांविषयी तुम्ही वाचलेच असेल. धरणाच्या बांधावर मात्र परवानगीवाचून सायकल नेऊ नये.

या दोन वाटा जोडून तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालता येईल काय? येईल. कायगाव, प्रवरासंगम, नेवासे, कुकाणे, शेवगाव, पैठण, बिडकीन आणि परत वाळूज असा तो फेरा दीडशे किलोमीटरांहून अधिक होतो. तो कसलेल्या सायकलस्वारांचा उद्योग. आणि त्यात निम्म्याहून अधिक वेळ पाणी दिसतच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता वेळेविषयी. वाळूजहून तळ्याकडे जाताना जमीन हळूहळू उतरत जाते. खामेचे पाणी आपण होऊन तिकडे वाहते, त्यावरूनच हे कळावे. त्यामुळे जाताना सायकल पळते व येताना चढ लागतो. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून वाहतो आणि कायगाव वाळूजच्या नैर्ऋत्येस आहे. म्हणजे जाताना वारा पाठीशी, परतताना छातीवर. उतार आणि वारा या दोघांनी जाताना दाखविलेली मैत्री परतीच्या वेळी वसूल होते. अंगातील निम्म्याहून अधिक बळ परतीसाठी राखून ठेवावे व सकाळी लवकर निघावे. पावसाळ्यात उलट होते. नैर्ऋत्येचा वारा जाताना अडवितो, येताना ढकलतो. पण काळी माती चाक आणि मडगार्ड यांमध्ये अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीचा काटा बाराही महिने तयार असतो. पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवा भरण्याचा पंप बरोबर असलाच पाहिजे.

सर्वांत उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पाणी उथळ आणि काठ चिखलाचा, म्हणूनच येथे पक्ष्यांना खाद्य विपुल मिळते. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात, चक्रवाकांच्या जोड्या येतात, काही वर्षी रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवेही उतरतात. काळ्या अंगाचा व पांढऱ्या कपाळाचा एक पाणपक्षी तर शेकड्यांनी दिसतो. कपाळी गोपीचंदन लावल्यासारखे दिसते म्हणून त्याला वारकरी असे नाव पडले आहे. नाथांच्या पैठणजवळ वारकऱ्यांचा मेळा जमावा, यात नवल ते काय!

पक्षी पाहावयास पाण्याजवळ जाण्याचा मोह होतो. तेथे सावध असावे. काठावरचा गाळ उन्हाने वरून वाळतो, त्यावर भेगाही पडतात, आणि तो घट्ट जमिनीसारखा भासतो. आत मात्र तो ओला व खोल असतो. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की दुसरा पाय टेकून बाहेर निघता येत नाही, तोही रुततो. जेथे गुरांच्या खुरांचे ताजे ठसे पाण्यापर्यंत गेलेले दिसतात, तेथवरच जावे. काठावरील गावांत बहुतेक ठिकाणी मासे धरणारे भेटतात. कोठली जागा पक्की आणि कोठली दलदलीची, ते त्यांना विचारावे. त्यांपैकी एखादा वृद्ध हात लांब करून पाण्यातली एक जागा दाखवितो आणि तेथे आपले जुने गाव होते असे सांगतो. त्या वेळी सायकल उभी करून थोडा वेळ थांबावे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले तर देवळाचा चौथरा किंवा विहिरीचा काठ वर येतो, आणि मग त्या गावची माणसे नारळ घेऊन तेथवर जातात.