राक्षसभुवनची लढाई : ऐकीव काय, खरं काय

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला तिथे लांबलांबून माणसं येतात. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच परिसरात थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा मोठा पराभव केला, हे मात्र त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्याही मनात ती लढाई बऱ्याचदा भलत्याच रूपात बसलेली असते.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे ही हिंदू-मुसलमानांची लढाई होती. त्या दिवशी निजाम अली गोदावरी ओलांडून पलीकडे पोचला होता. अलीकडे राहिलेली फौज त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाती होती. हा मराठी ब्राह्मण. राजा प्रतापवंत हा त्याचा किताब. ऑगस्टची नदी दुथडी भरलेली, त्यामुळे पलीकडून कुमक येणं शक्यच नव्हतं. विठ्ठल सुंदर निजामासाठी लढत तिथेच पडला. उलट नागपूरकर जानोजी भोसले निजामाबरोबर आले होते, ते जहागिरीच्या बोलीवर आतून पेशव्यांना मिळाले. पेशव्यांचे सरदार गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले होते, कारण माधवरावांचे काका राघोबादादा यांनी त्यांची मिरज घेतली होती. कोण कोणाशी इमान राखणार हे वतन, जहागीर आणि मानापमानावर ठरत होतं.

म्हणून माधवरावांचं वागणं मला विशेष वाटतं. काका-पुतणे एकमेकांचे जन्माचे वैरी होते, असं सर्रास बोललं जातं. झगडा खराच होता. नोव्हेंबर १७६२ मध्ये राघोबादादा पुतण्यावर फौज घेऊन आले, तीही निजामाच्या मदतीने. घरच्या भांडणात राज्य फुटेल हे ओळखून माधवराव आळेगावला स्वतः काकांच्या स्वाधीन झाले. त्यानंतर नऊच महिन्यांनी राक्षसभुवनला दादा शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा त्यांच्या मदतीला धावले ते माधवरावच. वय अवघं अठरा. काका पडले असते तर पेशवाईतला त्यांचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी आपोआप गेला असता.

पण घराण्यावरची निष्ठा म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे कायम मान तुकवणं, असाही अर्थ त्यातून काढू नये. दादांनी पुन्हा बंड केलं तेव्हा १७६८ मध्ये याच माधवरावांनी धोडपला त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

राक्षसभुवनच्या विजयाने हा मुलूख कायमचा मराठ्यांचा झाला, हीही समजूत चुकीची. निजामाला औरंगाबादेस तह करून मोठा प्रदेश सोडावा लागला, हे खरं. तरी आजचा बीड जिल्हा पुढे हैदराबाद संस्थानातच राहिला, थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत.

राहिल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई. माधवराव आणि रमाबाई म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रणजित देसाईंची 'स्वामी' उभी राहते. १९६२ साली आलेली ती कादंबरी आहे. तिच्यातले संवाद लेखकाने रचलेले आहेत, ऐतिहासिक कागदांतून उतरवलेले नाहीत. दोघांचं लग्न १७५३ सालचं, म्हणजे माधवराव आठ वर्षांचे असतानाचं. मूलबाळ झालं नाही. पुढे क्षयाने माधवरावांना पोखरलं. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, चिंतामणीच्या देवळात, सत्ताविसाव्या वर्षी ते गेले आणि रमाबाई सती गेल्या.

पेशव्यांच्या घरात विधवेला सती जावंच लागे, असं अनेकजण धरून चालतात. तसा नेम नव्हता. थोरल्या बाजीरावांच्या मागे त्यांच्या पत्नी काशीबाई अठरा वर्षं जगल्या. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई १७६१ मध्ये विधवा झाल्या, कारभारात लक्ष घालत राहिल्या, नंतर नाशिकजवळ गंगापूरला राहायला गेल्या आणि १७८८ मध्ये वारल्या. पानिपतात सदाशिवराव भाऊ गेले, तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. त्या पुढची कितीतरी वर्षं कुंकू लावून राहिल्या.