उतरणाऱ्याच्या पावलापुरता उजेड

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या वाहनतळात कापडी आच्छादनाखाली झाकलेली एखादी प्रीमियर पद्मिनी अजूनही क्वचित दृष्टीस पडते. घरात दोन नव्या गाड्या असतात, तरी ही विकली जात नाही. आजोबांनी दुकानाच्या पहिल्या भरभराटीत ती घेतलेली असते आणि घरातील लग्ने, यात्रा, आजारपणे तिने पाहिलेली असतात. जमाखर्चाच्या दृष्टीने तिची किंमत केव्हाच संपली आहे. आजच्या १५ टक्के दराने दरवर्षी घसारा काढत गेल्यास तीस वर्षांनी शंभरातला एक रुपयाही पुस्तकी मूल्य म्हणून शिल्लक राहत नाही. तरीही कुटुंब ती गाडी जपते, कारण काही मालमत्तांचे मूल्य ताळेबंदात मावत नाही.

जैन व्यापारी कुटुंबांना या गाडीविषयी विशेष आपुलकी वाटावी, असा तिचा इतिहास आहे. १८८२ साली सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही क्षेत्रे भारतीय उद्योगासाठी खुली केली. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची जुळणी झाली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० आली. तिच्या पहिल्या रूपाला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ पासून तिचे नवे, चौकोनी रूप रस्त्यावर दिसू लागले. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ या नावाने आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर आणि पुढचे सलग आसन ही तिची ओळख. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता ही गाडी उरली आहे ती मुख्यतः घराघरांत.

घरात उरलेल्या या गाडीची एक उणीव मात्र रात्री जाणवते. मुळात तिच्या आत उजेडाची सोय जुजबी. त्यातही अनेक गाड्यांत आज ती चालत नाही. कुठे बल्ब गेलेला असतो, कुठे दाराचे बटण गंजलेले असते, तर कुठे छताचे अस्तर बदलताना वायरच तोडून टाकलेली असते. तरुणांना त्याचे काही वाटत नाही. मोबाइलचा दिवा लावून ते उतरतात. परंतु ऐंशीच्या घरातील आजी एका हाताने दार धरते, दुसऱ्या हाताने काठी चाचपते आणि पाय कुठे पडणार हे तिला दिसत नाही. खाली गटाराचे झाकण आहे, खडी आहे की पदपथाची कड, हे पाऊल टाकल्यावरच कळते. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर पुन्हा पूर्ववत चालणे अनेकांना साधत नाही. म्हणून मग ‘आजींना या गाडीतून न्यायला नको’ असे ठरते. जिच्या आठवणींसाठी गाडी राखली, तिलाच त्या गाडीत बसता येत नाही आणि गाडी आच्छादनाखालीच राहते.

दार उघडताच आपोआप लागणाऱ्या दिव्याला मोटारींच्या परिभाषेत ‘कर्टसी लाइट’ म्हणतात, म्हणजे सौजन्याचा दिवा. ही कल्पना आपल्याला परकी नाही. रात्री पाहुणा निघाला की घरधनी कंदील घेऊन त्याला ओट्याच्या पायरीपर्यंत पोहोचवीत असे. तेच काम हा दिवा करतो.

त्याची रचना अगदी सोपी आहे. बॅटरीच्या धन टोकाकडून फ्यूजमार्गे एक वायर कायम दिव्यापर्यंत येते. दिव्याची दुसरी वायर दाराच्या चौकटीतील बटणाकडे जाते. दार मिटलेले असताना बटण दाबलेले राहते आणि मार्ग तुटलेला असतो. दार उघडले की स्प्रिंगमुळे बटण बाहेर येते, त्याचा गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी संपर्क होतो आणि सांगाड्यातूनच प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. परतीची वेगळी वायर लागत नाही. ‘दिवा लागतच नाही’ या तक्रारीचे मूळही बहुधा इथेच सापडते. बटणाच्या बुडाशी गंज चढलेला असतो किंवा गाडी रंगवताना तिथे रंगाचा थर बसलेला असतो. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केली, तरी अनेकदा नवे काही बसवावे लागत नाही.

नवे बसवायचेच असेल, तर मागच्या दोन दारांपासून आरंभ करावा. ज्येष्ठ मंडळी बहुधा मागेच बसतात. सर्व दारांची बटणे एकाच वायरीला समांतर जोडली, की कोणतेही दार उघडले तरी दिवा लागतो. छतावरचा दिवा आसनावर उजेड टाकतो, पायाखाली नाही. म्हणून पुढच्या आसनाच्या मागील बाजूस, खाली रोखलेला दुसरा लहान दिवा द्यावा. गाडीचा उंबरा आणि त्यालगतची हातभर जमीन दिसली, की काम झाले. उजेड मंद आणि पिवळसर असावा. पांढऱ्या-निळसर प्रकाशाने अंधाराला सरावलेले डोळे दिपतात. शिवाय पिवळसर प्रकाशाकडे किडे-पतंग कमी ओढले जातात, ही गोष्टही आपल्या वाचकांना महत्त्वाची वाटेल.

साधा बल्ब घ्यावा की एलईडी, याचे उत्तर हिशेबच देतो. पाच वॉटचे दोन साधे बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.८३ अँपिअर प्रवाह घेतात. शनिवारी रात्री एखादे दार नीट लागले नाही आणि ते सोमवारी सकाळी लक्षात आले, तर ३६ तासांत सुमारे ३० अँपिअर-अवर खर्च होतात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी मग गाडी सुरू करू शकत नाही. मिळून दोन वॉटचे एलईडी दिवे तेवढ्याच वेळात सुमारे सहा अँपिअर-अवर घेतात. आठवड्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीला हा फरक मोठा आहे. त्यातही जुन्या मॉडेलांना डायनॅमो असतो आणि इंजिन मंद गतीवर असताना तो बॅटरी फारशी भरत नाही. एलईडीला धन-ऋण टोके उलटी चालत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. फियाटमध्ये ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते धन असते.

गाडी मौल्यवान असल्याने कामाची शिस्त पाळलीच पाहिजे. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. नव्या वायरीला, जिथून वीज घेतली त्याच्या अगदी जवळ, दोन-तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्यावा. फ्यूज नसेल आणि वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर हाच सौजन्याचा दिवा आगीचे कारण ठरू शकतो. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावे. चौकटीला नवे भोक पाडू नये. प्रत्येक भोक हे पुढच्या पावसाळ्यातील गंजाचे आमंत्रण असते. मूळचे भोक उपलब्ध नसेल, तर चुंबक जवळ आले की बंद होणारा लहानसा स्विच चिकटवून बसवता येतो. दिव्याला ‘कायम चालू’, ‘बंद’ आणि ‘दाराबरोबर’ असे तीन टप्पे असावेत, म्हणजे गाडी धुताना दारे उघडी राहिली तरी बॅटरी उतरत नाही. नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाची बाजारपेठ यांत यातील बहुतेक साहित्य मिळते. जोडणीसाठी मात्र जुन्या गाड्यांची सवय असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन शोधावा.

नियमांचा विचारही आवश्यक आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलणारे फेरफार कायद्याला मान्य नाहीत. आतला लहान दिवा त्या तपशिलांना हात लावत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. आरंभीच्या पद्मिनी आता या वयात पोहोचल्या आहेत. मात्र व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नित्याच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. गाडीतून आजींना देवदर्शनाला न्यायचे असेल, तर साधी नोंदणी वेळेवर नूतनीकृत करणेच श्रेयस्कर. दिव्याची जोडणी तरीही अशी असावी, की पुढच्या पिढीला वाटल्यास तासाभरात ती काढून गाडी जशीच्या तशी करता येईल.

वडिलार्जित वस्तू सांभाळण्याचे दोन मार्ग असतात. एकात ती झाकून ठेवली जाते. दुसऱ्यात ती आजच्या माणसांच्या उपयोगी पडेल इतकी सुधारली जाते आणि तिचे मूळ रूपही अबाधित राहते. पहिल्या मार्गाने वस्तू टिकते, परंतु तिचा घराशी असलेला संबंध हळूहळू सुटत जातो. दुसऱ्या मार्गाला थोडे कष्ट, थोडा हिशेब आणि पुष्कळ काळजी लागते. दोन लहान दिवे, काही हात वायर आणि एक फ्यूज एवढ्या सामग्रीत जर घरातील सर्वांत वयस्कर माणूस निर्धास्तपणे गाडीतून उतरू शकत असेल, तर त्या जुन्या गाडीवर केलेला हा खर्च वाया गेला, असे कोणताही हिशेबनीस म्हणणार नाही.